ताप गेला, देवळाली राहिली

भाषांतराचा एक कच्चा खर्डा. इंग्लंडमधलं साधंसं स्वयंपाकघर. म्हातारी आत्या चहाची किटली फ्रिजमध्ये ठेवून देते आणि मग तीच किटली शोधत घरभर फिरते. भाची पाहुण्यांना हलक्या आवाजात सांगते, मनावर घेऊ नका, आत्या अलीकडे जरा ‘डूलॅली’ झालीये. खर्ड्यात या शब्दाच्या जागी आलंय, ‘तिचं डोकं जरा फिरलंय.’ अर्थ बरोबर, सूर बरोबर, वाक्य कानाला कुठे टोचत नाही. बरोबरची खूण करून पान उलटावं असंच ते आहे. तरी पेन्सिल तिथेच अडकते. कारण मूळ इंग्रजी वाक्यात एक अख्खं गाव होतं. कसारा घाट चढून आल्यावर, इगतपुरी मागे टाकून, नाशिकरोडच्या जरा अलीकडे लागणारं. मराठीत येताना, म्हणजे खरं तर स्वतःच्या घरी येताना, ते गाव पुसलं गेलं.

ते गाव म्हणजे देवळाली.

मराठी माणसाला देवळाली म्हटल्यावर वेड आठवत नाही. मुंबईच्या जुन्या गुजराती, पारशी कुटुंबांना हवापालट आठवते. सॅनिटोरियमच्या लांबलचक व्हरांड्यात टाकलेल्या आरामखुर्च्या, आजारातून उठलेलं कुणीतरी, शाल पांघरून घेतलेलं कोवळं ऊन आणि संध्याकाळी बाजारापर्यंत सावकाश फेरी. सैन्यातल्या माणसाला तोफखाना आठवतो, कारण भारतीय लष्कराचं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. नाशिककरांच्या लेखी तर देवळाली हा शब्दच पुरेसा नाही, कुठली ते सांगावं लागतं. नाशिकरोडला खेटून असलेलं देवळाली गाव निराळं आणि भगूरच्या शेजारची छावणी निराळी. छावणीला सगळे ‘देवळाली कॅम्प’ किंवा नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात. राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा तर पार तिसरीच. ‘देऊळ’ सगळ्यांच्या नावात लख्ख ऐकू येतं. पण इंग्रजी शब्दात जी शिरली ती कॅम्पवाली देवळाली. आणि जिथल्या हवेसाठी माणसं मुद्दाम जाऊन राहायची, त्याच जागेचं नाव इंग्रजीत डोकं बिघडल्याची खूण झालं, हा त्यातला पहिला विनोद.

त्याची गोष्ट एका वेळापत्रकातून सुरू होते. १८६१ च्या सुमारास ब्रिटिशांनी देवळालीला फौजेचा मुक्कामी तळ उभारला. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी लगेच पंजाबात किंवा मध्य प्रांतात पाठवण्यापेक्षा त्यांना घाटमाथ्यावरच्या बऱ्या हवेत थोडं रुळू द्यायचं, आणि परत जाणाऱ्यांना बोट येईपर्यंत तिथेच गोळा करून ठेवायचं, असा हिशेब. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि जागा आणखी सोयीची झाली. सदतीस फुटांमागे एक फूट अशी ती चढण. आजही मागून जादा इंजिन लावल्याशिवाय बऱ्याच गाड्या तो घाट चढत नाहीत. बंदरापासून रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे बोट लागल्याची तार आली की माणसं वेळेत खाली पोचवता येतील इतकं जवळ, आणि मुंबईच्या दारूच्या गुत्त्यांपासून नि बंदरावरच्या रोगराईपासून बाजूला ठेवता येतील इतकं लांब. कागदावर यात खोड काढायला जागा नाही.

घोळ झाला तो बोटींच्या हंगामात. १८६० च्या दशकाच्या अखेरीस फौजेची ने-आण करायला खास पाच जहाजं बांधली गेली. त्यातल्या दोघांची नावं ‘जमना’ आणि ‘मलबार’ होती. ही जहाजं काय किंवा नंतर भाड्याने घेतलेली काय, वर्षभर चालत नसत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, आणि उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून माणसांनी गच्च भरलेलं जहाज नेणं म्हणजे वाटेत प्रेतं समुद्रात सोडायची तयारी ठेवणं. म्हणून सैनिकांची वाहतूक साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढीच. आता ज्याची नोकरीची मुदत डिसेंबरात संपली तो सुटला, पुढच्या बोटीने घरी. पण एखाद्याची मुदत मार्चअखेर संपली आणि हंगामातली शेवटची बोट त्याआधीच निघून गेलेली असली, तर त्याने काय करायचं? देवळालीला जाऊन बसायचं. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. बोटांवर मोजले तर सात महिने भरतात.

सात महिने काय करायचं, हा प्रश्न वेळापत्रक करणाऱ्याला पडलेला नव्हता. आपल्या पलटणीत असताना शिपायाचा दिवस बिगुलावर बांधलेला असतो. कवायत, पहारा, बंदूक साफ करणं, बूट-बक्कल घासणं. देवळालीत पाठवलेला माणूस पलटणीतून सुटलेला होता आणि घरी पोचलेला नव्हता. ना धड इकडचा, ना तिकडचा. कामं जवळपास नाहीत, ओळखीचे अंमलदार नाहीत, शिक्षा झाली तरी बढती अडायची नाही, कारण नोकरीच उरलेली नाही. मे महिन्यात बराकीचं छत दुपारी तापून रात्रीपर्यंत गरम राहतं. जूनमध्ये पहिले काही पाऊस वळवाचे, मोठ्या थेंबांचे, मग घाटाच्या बाजूने येणारी ती बारीक, न थांबणारी झिमझिम. कांबळं दमट, तंबाखू दमट, पत्ते एकमेकांना चिकटलेले. साध्या शिपायाचा मूळ पगार रोजचा एक शिलिंग. एकोणिसावं शतक संपताना रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स ठरवला गेला होता, त्या हिशेबाने बारा आणे. त्यातून कापाकापी होऊन जे हातात पडेल ते दारूत आणि जुगारात जायला आठवडा पुरायचा. बाकीचे दिवस नुसते असायचे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समधून हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने हे सगळं लिहून ठेवलंय. त्याच्या आठवणी १९३६ मध्ये छापून आल्या. त्याचं म्हणणं साधं आहे. चांगल्या वर्तणुकीची, कधी शिक्षा न झालेली माणसंदेखील या तळावर राहून बिघडत. पैसे उडवून बसत, बाजारातून रोग लावून घेत, तुरुंगात जात. कुणी विचित्र वागायला लागला की सोबती म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. ही म्हण त्या तळाच्या कंटाळ्यातून जन्मली असावी, असं रिचर्ड्स सांगतो, आणि सांगताना ‘मला वाटतं’ असं जोडतो. हे ‘मला वाटतं’ फार मोलाचं आहे. शब्दांच्या कुळकथा सांगणारे नंतरचे लोक नेमकं तेवढंच गाळतात.

आता त्या जोडशब्दाचा दुसरा तुकडा बघा.

‘टॅप’ म्हटल्यावर इंग्रजी वाचणाऱ्याला नळाची तोटी आठवते, नाहीतर डोक्यावर मारलेली टिचकी. शब्दाबद्दल कुतूहल असलेल्या इंग्रजांनीही असे तर्क केले आहेत, की डोक्यावर टपली बसली म्हणून टॅप. आपल्याला डोकं खाजवायची गरजच नाही. तो आपला ताप आहे. कोशकार त्याचं मूळ हिंदुस्थानीत दाखवतात आणि पुढे संस्कृतापर्यंत नेतात. अर्थ ज्वर. ‘डूलॅली टॅप’ म्हणजे देवळालीचा ताप, जसा एखाद्या गावचा हिवताप प्रसिद्ध असावा तसा. इंग्रजाच्या दृष्टीने ती एक गंमतीदार उपमा होती. मराठी कानाला मात्र ते वाक्य जवळजवळ रोजचं आहे. आपल्याकडे ताप नुसता अंगात भरत नाही, डोक्यालाही होतो. ‘डोक्याला ताप नको’, ‘हा पोरगा म्हणजे नुसता ताप आहे’, ‘काय ताप दिलाय या माणसाने’. मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशातही तापाच्या पोटात उष्णता, ज्वर आणि त्रास असे तिन्ही अर्थ शेजारी शेजारी बसलेले आहेत. बराकीत सात महिने अडकलेल्या माणसाला नेमके हे तिन्ही होत होते.

इथे मराठी अभिमान जरा आवरावा लागतो. देवळाली नाशिक जिल्ह्यात आहे म्हणून ‘टॅप’ मराठीतून गेला, असं म्हणायचा मोह होतो. पण गोऱ्या शिपायाची भाषा ज्या गावात तो असेल त्या गावाची नसायची. ती पलटणीच्या बाजारातली, भिश्ती-धोबी-खानसाम्यांची हिंदुस्थानी असायची, आणि ती लखनौपासून रावळपिंडीपर्यंत कुठेही शिकलेली असायची. नोकरी संपवून देवळालीला आलेला माणूस ती भाषा आधीच तोंडात घेऊन यायचा. शिवाय हे जोडशब्दाचं घर असं आहे की त्याचा पाया मराठी गावनावाचा आणि वरचा मजला हिंदुस्थानीचा. अशा घराची वाटणी करायला कुठलंच कोर्ट नाही. एवढं मात्र म्हणता येईल, की हिंदी बोलणारा आज घरात ‘बुखार’ म्हणतो, आणि ताप हा आजही चोवीस तास वापरात आहे तो आपल्याकडे. म्हणून ही म्हण उलगडताना मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही.

पण गंमत पुढे आहे. शब्द विलायतेला पोचला तेव्हा सुरुवातीला तो नाम होता. अमक्याला ‘डूलॅली टॅप’ झालाय, जसा गोवर झालाय. १९२५ साली सैनिक आणि खलाशी यांच्या बोलीचा एक कोश निघाला, त्यात तो असा जोडीने नोंदवलाय. छापायला इतका उशीर का? शिपायांची बोली शिपायांत राहते. पहिल्या महायुद्धात लाखो साधे नागरिक, कारकून, खाणकामगार, शाळामास्तर सैन्यात भरती झाले, त्यांना कवायत शिकवायला हिंदुस्थानात वर्षं काढलेले जुने हवालदार होते, आणि त्यांच्या तोंडची हिंदुस्थानी या नव्या मंडळींनी उचलली. युद्ध संपल्यावर ही माणसं घरी गेली, शब्द घेऊन गेली, मग कोशकार जागे झाले. त्यानंतर हळूहळू ‘टॅप’ गळून पडला. उरली नुसती ‘डूलॅली’, आणि नामाचं विशेषण झालं. तो ‘डूलॅली झालाय’, ती ‘डूलॅली गेलीये’. या जोडीत ज्या शब्दाला अर्थ होता तो टाकून दिला गेला आणि ज्याला अर्थ नव्हता, जे नुसतं गावाचं नाव होतं, त्याच्या गळ्यात तो अर्थ बांधला गेला. ताप उतरला आणि गाव वेडं झालं.

हे असं का व्हावं? मला वाटतं, आवाजामुळे. रिचर्ड्ससारखा मीही ‘मला वाटतं’ म्हणून ठेवतो. ‘देवळाली’ हे आपल्या तोंडात चार अक्षरांचं, ‘ळा’ आणि ‘ली’वर सावकाश रेंगाळणारं नाव. सरकारी रोमन लिपीत त्यातल्या ‘देव’चं ‘देओ’ झालं. तो ‘देओ’ घाईने उच्चारला की ‘ड्यू’ आणि मग ‘डू’. ‘ळ’ इंग्रजांच्या जिभेवर नाही. हिंदीतही तो टिकत नाही, तिथे ती देवलाली होते. म्हणून ‘ळा’चा ‘लॅ’. सगळा जोर मधल्या अक्षरावर आला, डू-लॅ-ली. आणि आता ऐका, या नव्या शब्दाला इंग्रजीत किती नातेवाईक आहेत ते. डिली-डॅली, शिली-शॅली, विली-निली, ट्रा-ला-ला. सगळे टिवल्याबावल्या करणारे, डुलणारे, चाल ढिली असणारे शब्द. इंग्रजाच्या कानाला ‘डूलॅली’ हा आवाजच ठिकाणावर नसलेल्या माणसासारखा लागतो. अर्थ सांगायला मग ‘टॅप’ची गरजच उरत नाही. हेच गाव ‘भगूर’ असतं तर? भगूर कॅम्पचा ताप लंडनपर्यंत पोचला असता का? मला नाही वाटत.

परक्या शब्दाला आपल्या घरातल्या आवाजांचे कपडे चढवायचे, ही सवय इंग्रजीत इतकी जुनी आहे की तिला नावसुद्धा आहे, हॉब्सन-जॉब्सन. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांनी ऐकला आणि हॉब्सन, जॉब्सन ही आपल्याकडची दोन आडनावं करून टाकली. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये अँग्लो-इंडियन शब्दांचा जो थोर कोश काढला त्याचं नावच त्यांनी हे ठेवलं. आपल्या मुंगसाची तीच गत. मुंगूस हा इंग्रजीला आपण दिलेला अगदी खणखणीत शब्द, पण त्याच्या शेपटीत इंग्रजांना आपला राजहंस, ‘गूस’, ऐकू आला. त्यामुळे आजही अनेकवचन करताना तिकडचे लोक अडखळतात, आणि मुंगसांचे ‘माँगीस’ करून ठेवतात. हसू येतं, पण आपण तरी काय वेगळं करतो? ‘लँटर्न’चा कंदील झाला नाही, पण ‘हॉस्पिटल’चं इस्पितळ आपण पोर्तुगीजांच्या मदतीने केलंच, आणि ‘प्लाटून’ची म्हणा की ‘बटालियन’ची, जातभाई पलटण सुखाने वापरतोच.

शब्दाचं मूळ तपासताना काही गोष्टी कटाक्षाने बघाव्यात, नाहीतर फसगत ठरलेली. पहिली, शब्दाचं सगळ्यात जुनं रूप. आजचा नुसता ‘डूलॅली’ घेऊन बसलं तर ताप कधीच सापडणार नाही. जुना जोडशब्द बघितला की अर्धं काम होतं. दुसरी, बोलणारे कोण होते. ही अंमलदारांची भाषा नव्हे, साध्या शिपायांची होती, म्हणून ती सरकारी कागदांत शोधायची नसते, आठवणींत आणि बोलीच्या कोशांत शोधायची. तिसरी आणि सगळ्यात त्रासाची, फार नीटनेटक्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही. देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून वेड लागलेल्याला डूलॅली म्हणायला लागले, ही गोष्ट तुम्हाला इंग्रजीत जागोजाग भेटेल. ऐकताक्षणी पटते, तिथेच संशय घ्यावा. जिथे हजारो शिपाई ये-जा करतात तिथे आजारी माणसं असणार, त्यांत मनाने आजारी असणारही. पण त्या काळात तिथे बोटीची वाट बघणाऱ्यांचं बोलणं ज्याने लिहून ठेवलं तो इस्पितळाकडे बोट दाखवत नाही. तो रिकाम्या दिवसांकडे दाखवतो. इस्पितळाची गोष्ट लोकांना जास्त आवडते, कारण तिच्यात भिंती आहेत आणि किंचाळ्या आहेत. वेळापत्रकात काय आहे? रकाने.

याच वाटेवर दुसऱ्या टोकाला आणखी एक शब्द उभा आहे. ब्लायटी. इंग्रज शिपाई आपल्या मायदेशाला लाडाने ब्लायटी म्हणत. तो आपला विलायत. अरबीतून फारसीत, तिथून हिंदुस्थानीत ‘विलायती, बिलायती’, आणि बराकीत ‘ब्लायटी’. आपल्याकडे विलायत हे परक्याचं ठिकाण. विलायती चिंच, विलायती दारू, विलायतेहून आलेला साहेब. त्याच शब्दाने तो साहेब स्वतःच्या घराला हाक मारायला शिकला, म्हणजे घराकडेही तो इथल्या माणसाच्या डोळ्यांनी बघत होता. पहिल्या महायुद्धात तर ‘ब्लायटी जखम’ म्हणजे जीवावर बेतणार नाही पण घरी पाठवतील इतपत लागलेली, हवीहवीशी जखम. देवळालीच्या बराकीत खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोक्यात दिवसभर हे दोनच शब्द फिरत असणार, आणि दोन्ही त्याच्या मातृभाषेतले नव्हते. वेड्याला त्यांच्यात ‘पगल’ असाही शब्द होता, तो तर सरळ आपला पागल. म्हणजे डोकं फिरल्याचं सांगायलाही या लोकांनी एकाहून जास्त देशी शब्द घेतले होते. स्वतःच्या भाषेत ते सांगणं त्यांना जड जात असेल.

गावावर वेडाचं खापर फोडणं आपल्यालाही नवीन नाही. ‘याला ठाण्याला नेऊन दाखवा’ हे वाक्य मुंबईच्या चाळीत किती वेळा उच्चारलं गेलं असेल! पुण्यात तीच धमकी येरवड्याची, आणि तिथे तुरुंगही असल्याने ऐकणाऱ्याने आपल्याला कुठे पाठवतायत ते स्वतःच ठरवायचं. कोकणात रत्नागिरी. या तिन्ही ठिकाणी मनोरुग्णालयं आहेत, त्यामुळे गावाचा दोष नाही, इस्पितळाचा पत्ता तेवढा म्हणीत शिरला. लंडनचं ‘बेडलम’ही असंच. १२४७ मध्ये स्थापन झालेल्या बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या मठाचं पुढे मनोरुग्णालय झालं, बोलण्यात बेथलेहेमचं बेडलम झालं, आणि आज गोंगाट, गदारोळ असा त्याचा अर्थ आहे. येशूच्या जन्मगावाची ही अवस्था. देवळालीची तऱ्हा यांच्यापेक्षा निराळी आहे. ठाण्याच्या लोकांना निदान आपल्या गावाबद्दल काय म्हणतात ते ठाऊक असतं, आणि ते चिडून उत्तर देऊ शकतात. देवळालीचा माणूस भाजी घेऊन घरी चाललेला असतो आणि साता समुद्रापलीकडे त्याच्या गावाचं नाव घेऊन कुणीतरी कुणाच्या तरी आजीवर हसत असतं. बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात एक विनोदी मालिका चालवली, तिच्या सुरुवातीच्या भागांत तर हाच तळ दाखवला होता. चित्रीकरण अर्थात इंग्लंडमध्ये. मूळ देवळालीला याही वेळी कुणी विचारलं नाही.

परत यायला शब्दाला बराच वेळ लागला आणि आला तो निराळ्याच दारातून. २००९ साली पुण्यात बिअर जागच्या जागी गाळून विकणारी एक ब्रुअरी सुरू झाली, तिचं नाव डूलॅली. पुढे मुंबईतही तिच्या जागा निघाल्या, आणि त्यांना नाव मिळालं ‘डूलॅली टॅपरूम’. कधीचाच गळून पडलेला टॅप पुन्हा येऊन जागेवर बसला, या खेपेला मात्र खरोखरीचा, बिअरच्या नळाचा. इंग्रजांनी जी चूक न समजता केली होती ती इथे कुणीतरी मुद्दाम, डोळे मिचकावून केली. तिथे बसलेल्या तरुण पोरांपैकी नाशिकची किती असतील, आणि त्यातल्या कितींच्या लक्षात येत असेल की आपण दर शनिवारी देवळालीच्या तापाला येऊन बसतो?

तेव्हा आता खर्ड्याचं काय करायचं? ‘तिचं डोकं फिरलंय’ जरा कठोर आहे. आत्याचं डोकं फिरलेलं नाही, ती विसरते. आजच्या इंग्रजीत हा शब्द इतका मवाळ झालाय की चिडलेल्या बॉसपासून सामना जिंकल्यावर नाचणाऱ्या पोरांपर्यंत कुणालाही लागतो. भाचीच्या बोलण्यात माया आहे आणि थोडी लाजही. ‘देवळाली झालीये’ असं लिहिलं तर वाचक थेट भूगोलाच्या तासात जाईल. तळटीप घालावी तर स्वयंपाकघरात एकदम पलटण घुसेल. ‘डोक्याला ताप’ हातात आहे, अगदी मूळचा, हरवलेला तुकडा. पण तो लावता येत नाही, कारण मराठीत डोक्याला ताप होतो तो नेहमी दुसऱ्यामुळे. आत्याच भाचीच्या डोक्याला ताप ठरेल आणि सगळं वाक्य उलटं होईल. बाकी आपल्याकडे माल भरपूर आहे. खुळी म्हटलं तर लाडात जातं. चक्रम पुरुषांना शोभतो. भ्रमिष्ट फार गंभीर, त्याला डॉक्टर लागतो. तऱ्हेवाईक जन्मजात असावं लागतं. ‘चळली’ म्हणावं तर त्यात तिरस्कार आहे, ‘सटकली’त राग आहे, आणि ‘स्क्रू ढिला’ हे भाचीने पाहुण्यांसमोर म्हणायचं नाही.

शेवटी समासात एकच शब्द राहतो, बावचळली. ‘आत्या अलीकडे जरा बावचळलीये.’ वय झालं की माणूस बावचळतो, त्यात कुणी दचकत नाही, कुणी हसलंच तर मायेने हसतं. पेन्सिलीने तो वर लिहिला आणि मोठ्याने वाचून बघितला. दे-व-ळा-ली. बा-व-चळ-ली. दुसऱ्या जागेवर तोच व, शेवटी तोच ली, आणि मध्ये, इंग्लंडला जाताना मुंबई बंदरावरच गहाळ झालेला तो ळ.